संध्याकाळी १६, सकाळी २७: डोळ्याचं प्रेशर नेमकं कितीला मोजायचं?

सिन्नरची लेक

मंडळी, वर्षभर नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

वय ५१, शाळेत शिक्षिका, राहायला इंदिरानगर. आमचे अण्णा काचबिंदूने आंधळे झाले. आंधळे झाले असं लिहिताना अजूनही हात अडखळतो, कारण त्यातली दोन वर्षं आम्ही घरच्यांनीच घालवली. अण्णा दाराच्या चौकटीला खांदा घासायला लागले, ओसरीची पायरी चुकायला लागले. गावात जो तो म्हणे, "मोतीबिंदू पिकतोय, पिकू द्या, मग एकदाच काढू." आम्ही पिकायची वाट बघत बसलो. नाशिकला आणलं तेव्हा डॉक्टरांनी त्यांना खाली बघायला लावून मिटल्या पापणीवरून दोन्ही तर्जन्यांनी डोळा अलगद दाबून पाहिला आणि काही न बोलता मशीनकडे नेलं. प्रेशर ४२. तो डोळा गेलेलाच होता. दुसऱ्यात मधलं थोडं उरलं होतं, पाइपातून बघावं तसं. मोतीबिंदूने गेलेली नजर ऑपरेशनने परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून मी दरवर्षी न चुकता प्रेशर तपासत आले. शाळा सुटायची साडेपाचला, म्हणून चष्म्याच्या नंबरासाठी जिथे जायची तिथेच सहा-साडेसहाला. हवेचा फुस्सकन फवारा मारणारं मशीन. चार वर्षांचे आकडे वहीत आहेत: १६, १७, १५, १६. "एकदम नॉर्मल मॅडम, वडिलांचं टेन्शन घेऊ नका." दुकान कोणतं ते विचारू नका, सांगणार नाही. आकडे खोटे नव्हते. पण चार वर्षांत एकानेही बाहुली मोठी करून आतली, डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस पाहिली नाही, आणि मीही विचारलं नाही.

मार्चमध्ये काचबिंदू सप्ताह असतो, तेव्हा पेशंटच्या नातेवाइकांची तपासणी होती म्हणून गंगापूर रोडला एका डॉक्टरांकडे गेले. प्रेशर १७. मी उठायलाच लागले होते. त्या म्हणाल्या, "बसा. आकडा चांगला आहे, पण नस मला आवडली नाही." त्यांनी कागदावर बशी आणि बशीत वाटी काढली. नसेच्या तोंडाशी मध्ये एक खळगा असतो, ती वाटी. भोवतीच्या काठात दृष्टीचे तंतू. तंतू मरायला लागले की काठ झिजतो आणि वाटी रुंदावते. माझी उजवीकडची वाटी ०.७, डावीकडची ०.५. दोन डोळ्यांत एवढा फरक असायला नको.

मग त्यांनी जे विचारलं ते मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. "तुम्ही तपासायला नेहमी कितीला जाता?"

पुढच्या शनिवारी रजा टाकून सकाळी सातला हजर झाले. दिवसभर तिथेच, दर अडीच-तीन तासांनी मोजणी. उजव्या डोळ्याचे आकडे असे:

सकाळी ७: २७
सकाळी १०: २२
दुपारी १: १८
दुपारी ४: १७
संध्याकाळी ६.३०: १६

माझं साडेसहाचं १६ अगदी खरं होतं. फक्त ते दिवसाच्या तळाचं होतं.

आता रात्री झोपताना एक थेंब सुरू आहे. प्रश्न दोन. हे दिवसभराचं मोजणं आणखी कुणी केलंय का, किती वेळाने परत करायला लावतात? आणि दुसरा, खरा प्रश्न: माझा धाकटा भाऊ. ४७ वर्षांचा, गावी शेती बघतो. म्हणतो, "मला मोटरच्या मीटरचे आकडे बांधावरून दिसतात, मला कशाला डॉक्टर?" त्याला कसं आणायचं?

---

तर्रीबाज

ताई, चहा संपला, मिसळ मागवली, तीही संपली. पण शेवटपर्यंत वाचलं. बीपी मोजतो तसंच डोळ्याचंही प्रेशर असतं एवढंच माहीत होतं. बीपी वाढलं की डोळ्याचंही वाढतं का?

---

भिंगवाली

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारी, असे आकडे रोज लिहिते, म्हणून जरा सविस्तर. (सल्ला म्हणून घेऊ नका, तुमच्या डॉक्टरांच्या पुढे मी नाही.)

तर्रीबाज, ही दोन प्रेशर वेगळी. डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होतं आणि बुबुळाच्या कडेला जो कोपरा असतो, त्यातल्या बारीक जाळीतून झिरपून रक्तात जातं. हे अश्रू नव्हेत, अश्रू बाहेरचे. एकूण पाणी पाव मिलीलिटर, आणि साधारण दीड-पावणेदोन तासांत ते सगळं बदलतं. जाळी चोंदली की आत दाब वाढतो. मोरीचं उदाहरण सगळे देतात, मीही देते: नळ तेवढाच, जाळीत केस अडकलेत.

१० ते २१ याला आपण नॉर्मल म्हणतो, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. पण दिवसभर तो एका जागी बसत नाही. निरोगी डोळ्यातही तीन ते सहाचा चढ-उतार होतो. काचबिंदूच्या, औषध सुरू नसलेल्या डोळ्यात तो दहाच्या पुढे जाऊ शकतो. ताईंचा ११ आहे.

गंमत अशी, की रात्री हे पाणी दिवसाच्या जवळजवळ निम्मंच तयार होतं. मग दाब उतरायला हवा ना? उलट बऱ्याच जणांचा चढतो, कारण आपण आडवे होतो. आडवं झालं की डोळ्यातून रक्त नेणाऱ्या शिरांमधला दाब वाढतो आणि पाण्याला बाहेर पडायला तेवढा जोर जास्त लागतो. म्हणून अनेकांचा सगळ्यात वरचा आकडा पहाटे किंवा उठल्या-उठल्या असतो, दवाखान्याला कुलूप असताना. काहींचा दुपारी असतो. ज्याचा त्याचा निराळा, म्हणूनच मोजावा लागतो.

ताई, तुमच्या पटलाची, म्हणजे डोळ्यापुढच्या पारदर्शक पडद्याची, जाडी मोजली का? आणि मोजणी हवेच्या मशीनवर झाली की निळ्या दिव्याच्या?

---

सिन्नरची लेक

निळ्या दिव्याच्या. जाडी ५०५ मायक्रॉन आली, पातळ आहे म्हणाल्या.

ती मोजणी सांगतेच. आधी डोळा बधिर करायचा थेंब, मग पिवळा रंग. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं. निळं गोल वर्तुळ हळूहळू डोळ्याकडे येतं, येतं, आणि मग नुसता निळा उजेड. टेकलं कधी ते कळतही नाही. दुपारच्या फेरीला तिथल्या मुलीने विचारलं, "मॅडम, बघायचंय?" आणि एका आजींचा डोळा तपासताना बाजूच्या नळीतून मला दाखवलं. दोन हिरवी अर्धवर्तुळं, एक वर एक खाली, सरकवलेल्या बांगडीच्या तुकड्यांसारखी. ती बाजूचं चाक फिरवते तशी ती सरकतात. आतल्या कडा एकमेकींना भिडल्या की थांबायचं, चाकावरचा आकडा गुणिले दहा. आणि ती अर्धवर्तुळं स्थिर नसतात हो, आजींच्या नाडीबरोबर धकधकत होती! मी वर्गात विज्ञान शिकवते, मला ते बघून जायचंच नव्हतं तिथून.

---

भिंगवाली

अगदी तेच. या पद्धतीला गोल्डमनची पद्धत म्हणतात, स्वित्झर्लंडचे हान्स गोल्डमन. आजही बाकीची मशीन तिच्याशीच ताडून बघतात.

५०५ महत्त्वाचं आहे. पटलाची सरासरी जाडी ५४० मायक्रॉनच्या आसपास. पातळ पटल लवकर दबतं, म्हणून मशीन खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. जाड असेल तर जास्त दाखवतं. अमुक मायक्रॉनला अमुक अंक मिळवा असं पक्कं सूत्र नाही, पण तुमचं १६ कुणी एवढं निर्धास्तपणे "नॉर्मल" म्हणायला नको होतं, हे नक्की.

हवेच्या मशीनला मात्र शिव्या घालू नका. चाळणी म्हणून ते चांगलं आहे, तीन फवारे मारून सरासरी घेतली तर. दोष मशीनचा नाही, एका आकड्यावर फाइल बंद करण्याचा आहे.

---

रातपाळी

मी अंबडला कंपनीत आहे, महिन्यातले पंधरा दिवस थर्ड शिफ्ट. माझी "सकाळ" दुपारी तीनला होते. मग माझं प्रेशर कितीला बघायचं? थट्टा नाही, आईला काचबिंदू आहे.

---

भिंगवाली

रातपाळी, प्रश्न लाख मोलाचा आहे. हा चढ-उतार भिंतीवरच्या घड्याळापेक्षा झोपेला आणि आडवं होण्याला जास्त बांधलेला आहे. डॉक्टरांना शिफ्टचं वेळापत्रक आधी सांगा, कागदावर लिहूनच न्या. शक्य असेल तर एक मोजणी झोपून उठल्यावर लगेच आणि एक शिफ्ट संपताना. आई म्हणजे अगदी जवळचं रक्ताचं नातं, त्यात धोका कैक पटींनी वाढतो. चाळिशीची वाट बघू नका.

---

नाना पंचवटीकर

मी ७१. काचबिंदूचा नऊ वर्षं जुना पेशंट, ट्रस्टच्या दवाखान्यात दाखवतो. माझ्या वेळी हे दिवसभराचं नव्हतं. माझी गोष्ट उलटी आहे: प्रेशर कधीच १९ च्या वर गेलं नाही आणि तरी नस खराब. नॉर्मल प्रेशरचा काचबिंदू म्हणे. माझ्या बायकोला अजून पटत नाही. म्हणते, प्रेशर नॉर्मल तर काचबिंदू कसला, डॉक्टर उगाच थेंब विकतात.

फिल्ड टेस्टबद्दल (आजूबाजूचं कुठवर दिसतं ती तपासणी) लिहितो, कारण नव्या लोकांचा तिथे धीर सुटतो. एका पांढऱ्या घमेल्यात तोंड घालून बसायचं, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं, कडेला ठिणगी दिसली की बटण दाबायचं. ठिणग्या इतक्या मंद की निम्म्या दिसतच नाहीत, आणि माणसाला वाटतं आपण नापास झालो. मी पहिल्यांदा घाबरून दिसो न दिसो बटण दाबत सुटलो. रिपोर्टवर बाईंनी लिहिलं, "भरवशाचा नाही, परत करा." मशीन मुद्दामच दिवा मंद मंद करत जातं. निम्म्या दिसणार नाहीत अशीच रचना आहे. पहिली टेस्ट बिघडतेच, तिसरीपर्यंत हात बसतो.

आणि काळे डाग दिसतील याची वाट बघू नका. मला कधीच काळं दिसलं नाही. मेंदू भोक रफू करून टाकतो. फक्त डावीकडून येणारी स्कूटर "अचानक" यायला लागली. मुंबई नाक्यावर दोनदा वाचलो, तेव्हा मुलाने किल्ली काढून घेतली.

भिंगवाली ताई, एक शंका. माझी बीपीची गोळी रात्रीची आहे. कुणीतरी म्हणालं डोळ्याला वाईट.

---

भिंगवाली

नाना, मनाने गोळी हलवू नका, हे आधी. मुद्दा असा, की रात्री रक्तदाब बहुतेकांचा उतरतो आणि डोळ्याचा दाब त्याच वेळी बऱ्याच जणांचा चढतो. रक्तदाब फारच खाली गेला तर नसेला रक्त कमी पोचतं, आणि नॉर्मल प्रेशरवाल्यांमध्ये याचा विचार करतात. गोळी रात्रीची आहे हे डोळ्याच्या डॉक्टरांना सांगा आणि काचबिंदू आहे हे बीपीवाल्यांना सांगा. दोघांना एकमेकांचं माहीत नसतं, हे मी रोज बघते.

काकूंना सांगा, प्रेशर हे धोक्याचं कारण आहे, आजाराचं नाव नाही. आजार नसेचा आहे.

---

सूर्यनमस्कार

एवढ्या औषधांच्या चर्चेत मूळ उपाय कुणी सांगत नाही. मी बारा वर्षं गोल्फ क्लबच्या मैदानावर रोज पहाटे शीर्षासन करतो, दहा मिनिटं. डोक्याला रक्तपुरवठा झाला की डोळे ठणठणीत. ५८ व्या वर्षी पेपर बिनचष्म्याने वाचतो.

---

भिंगवाली

काका, रागावू नका. चेन्नईच्या संशोधकांनी २००६ मध्ये नेमकं हेच मोजलं होतं, ७५ योगाभ्यासींवर. शीर्षासनात डोळ्याचा दाब दुपटीच्या आसपास गेला. खाली आल्यावर तो उतरतो आणि निरोगी डोळा हे सोसतो. पण ज्याला काचबिंदू आहे किंवा संशय आहे, त्याने डोकं खाली करून राहायची आसनं टाळावीत. चालणं चांगलं, त्याने दाब थोडा उतरतोच. गोल्फ क्लबला चार फेऱ्या मारा, डोक्यावर उभं राहू नका, आणि एकदा नस दाखवून घ्या. बिनचष्म्याने वाचता येणं आणि नस चांगली असणं यांचा काही संबंध नाही.

---

सूर्यनमस्कार

शीर्षासन सोडायचं बघू. तपासून घेतो.

---

द्राक्षबाग निफाड

माझं वेगळंच. फवारणीच्या दिवसात डोळे चुरचुरायचे, खाजायचे. मेडिकलवर सांगितलं की एक बाटली द्यायचा, दोन थेंबांत थंड. पंचवीस-तीस रुपयांची बाटली. छाटणीपासून काढणीपर्यंत तेच, पाचेक महिने. मग नजर धुरकट वाटायला लागली म्हणून नाशिकला दाखवलं, तर प्रेशर ३४. वय ३३. डॉक्टरांनी बाटली मागितली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि टेबलावर ठेवून दिली. स्टेरॉइड होतं त्यात.

बंद केल्यावर महिन्याभरात १८ वर आलं. नस थोडी दुखावली आहे, नजर ठेवून आहेत. आता खाज आली की थंड पाण्याची पट्टी, आणि फवारताना गॉगल. गावात सांगितलं तर हसतात, "थेंबाने कुठं काय होतंय?"

---

भिंगवाली

ही पोस्ट सगळ्यांनी घरी वाचून दाखवा. स्टेरॉइडने प्रत्येकाचं प्रेशर वाढत नाही, पण ज्यांचं वाढतं त्यांना कळत नाही, कारण दुखत काहीच नाही. काचबिंदूच्या घराण्यात तर जास्तच जपावं. दम्याचे पंप, गोळ्या, डोळ्याजवळ लावायची मलमं हीसुद्धा डॉक्टरांना सांगायची यादी.

---

मोगरा

दुखत नाही म्हणता, पण माझ्या आत्याचं भयंकर दुखलं होतं. लग्नघरी रात्री लाइट गेले, आणि तासाभरात डोकं फुटेल इतकं दुखायला लागलं, उलट्या. सगळ्यांनी पित्त म्हणून सोडून दिलं, लिंबूसरबत, बाम. सकाळी डोळा लालभडक, म्हणते दिव्याभोवती इंद्रधनुष्याची कडी दिसतात. तोही काचबिंदूच निघाला. हा कोणता?

---

भिंगवाली

तो कोन बंद होणारा. पाणी जायचा तो कोपराच एकदम मिटतो. अंधारात बाहुली मोठी झाली की निमित्त मिळतं. बायकांमध्ये आणि प्लस नंबरवाल्यांमध्ये जास्त. एक डोळा लाल, धुरकट नजर, इंद्रधनुष्य आणि उलट्या एकत्र दिसल्या तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री हॉस्पिटल. लेझरने बुबुळात टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडतात. आत्यांच्या दुसऱ्या डोळ्यालाही पाडलं असेल, विचारा.

---

मोगरा

हो, दोन्हीला केलं! आम्हाला वाटलं बिल वाढवायला.

---

तर्रीबाज

मी नेटवर वाचलं की पाणी पिऊनही टेस्ट करतात. खरं का? पाणी बंद करायचं का आता?

---

भिंगवाली

करतात. पाच मिनिटांत लिटरभर पाणी पाजून दर पंधरा मिनिटांनी प्रेशर बघतात. जाळी किती दमदार आहे त्याचा अंदाज येतो, आणि ज्यांना दिवसभर थांबता येत नाही त्यांचा वरचा आकडाही साधारण कळतो. पाणी बंद करायचं नाही, घटाघट लोटा रिकामा करायचा नाही. नाशिकच्या उन्हाळ्यात पाणी बंद करून कोण जगणार?

---

सिन्नरची लेक

सगळ्यांना एकेक उत्तर देणं होत नाही, शाळेत युनिट टेस्टचे गठ्ठे आहेत. दोन महिन्यांनी परत दिवसभर बसले. सकाळी सातला १७, संध्याकाळी १४. डॉक्टर म्हणाल्या, नुसता आकडा खाली आला म्हणून नाही, दरी बुजली म्हणून बरं वाटलं. ओसीटीत (नसेच्या थरांचा स्कॅन) खालच्या बाजूचे तंतू पातळ आहेत, फिल्ड मात्र अजून स्वच्छ. म्हणजे नस झिजायला लागली होती आणि मला एक ठिपकाही कमी दिसत नव्हता.

थेंबाने पापण्यांचे केस लांब झालेत. सहावीतल्या मुली विचारतात, "बाई, मस्कारा लावता?"

थेंबांचं एक विचारायचं होतं. बाटली फ्रीजमध्ये ठेवते, पण परवा मळ्यात विसरले. आणि थेंब टाकल्यावर घशात कडवट का लागतं?

---

भिंगवाली

सीलबंद बाटली फ्रीजमध्येच. उघडल्यावर घरातल्या थंड जागी चालते, पण महिनाभराने नवीन काढा. मळ्यात पत्र्याखाली तापली असेल तर टाकून द्या. वेगळ्या कंपनीची असेल तर तिच्या कागदावर काय लिहिलंय ते पाहा.

कडवट लागतं कारण थेंब नाकातून घशात उतरतो. टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. औषध डोळ्यात राहतं आणि अंगात कमी जातं. टिमोलॉलवाल्यांनी (तोही काचबिंदूचाच एक थेंब) तर हे करायचंच, आणि दमा किंवा नाडी मंद असेल तर ते औषध डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घ्यायचंच नाही. दुसरा थेंब असेल तर मध्ये पाच मिनिटं.

---

नाना पंचवटीकर

हे नऊ वर्षांत मला कुणी सांगितलं नाही. नऊ वर्षं कडू थुंकी गिळतोय.

---

रातपाळी

ताई, भावाचं काय झालं?

---

सिन्नरची लेक

सांगायचंच होतं. भाषणाने तो येणार नव्हता. कोथिंबीर घेऊन पंचवटीच्या मार्केटला आला होता, उशीर झाला म्हणून आमच्याकडे झोपला. पहाटे उठवलं, म्हटलं, "मला एकटीला जायला नको वाटतं, तू नुसता सोबत चल." तिथे पोचल्यावर माझ्याऐवजी त्याचं नाव लावलं. चिडला. पण तिथल्या मुलीसमोर चिडता येईना.

सकाळी साडेसातला २४ आणि २३. पटल जाड आहे, नस चांगली, कोन मोकळा, फिल्ड नॉर्मल. डॉक्टर म्हणाल्या, हा काचबिंदू नाही, पण प्रेशर वर आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात (२००२) अशाच लोकांना पाच वर्षं पाहिलं. थेंब न दिलेल्यांत ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, दिलेल्यांत ४.४. म्हणजे औषध न घेताही बहुतेकांना झाला नाही. म्हणून त्याला लगेच थेंब नाहीत, सहा महिन्यांनी परत सगळं मोजायचं.

परत येताना गाडीत काहीच बोलला नाही. द्वारका सर्कलच्या सिग्नलला म्हणाला, "अण्णांना पण सकाळीच दाखवायला हवं होतं का गं?"

मी म्हटलं, अण्णांना केव्हाही दाखवलं असतं तरी चाललं असतं.

---

रातपाळी

माझी गुरुवारची अपॉइंटमेंट घेतली. शिफ्ट सुटली की थेट तिकडेच, सात वाजता.

---

तर्रीबाज

सातला जा, पार्किंगला जागा मिळते. दहानंतर गंगापूर रोडला गाडी लावताना सगळंच प्रेशर वाढतं.